पहिला कोण? : अमेरिकन विद्यापीठांच्या फूटबॉलमधील एक जुना वाद

स्पर्धेंत पहिला कोण हें ठरविण्याचे मार्ग सामान्यतः दोन आहेत. सर्वांनीं सर्वांशीं खेळावें आणि ज्याच्या पदरीं अधिक विजय पडतील त्याला पहिला म्हणावें, हा साखळी सामन्यांचा मार्ग. हरेल त्यानें घरीं जावें आणि शेवटीं जो एक उरेल त्याला पहिला म्हणावें, हा बाद सामन्यांचा मार्ग. क्रिकेट, हॉकी, टेनिस यांसारख्या खेळांत या दोहोंपैकीं एका मार्गानें, अथवा दोहोंच्या मिश्रणानें, निकाल लागतो. आणि तो लागला म्हणजे हरलेला पक्षहि, हळहळत कां होईना, पण तो मान्य करतो. परंतु एक मोठा खेळ असा आहे, कीं ज्याचा एकेक सामना पाहावयास एका प्रेक्षागारांत लाखावर माणसें बसतात, आणि तरीहि ज्यांतील पहिला संघ कोणता हें शंभर वर्षांहून अधिक काळ या दोहोंपैकीं एकाहि मार्गानें ठरलें नाहीं. तें मतांनीं ठरत असे. आणि मत देणारांपैकीं बहुतेकांनीं बहुतेक सामने डोळ्यांनीं पाहिलेलेहि नसत. हा खेळ म्हणजे अमेरिकेंतील विद्यापीठांचा फूटबॉल. तेथें बाद सामन्यांची पद्धति आणावी कीं आणूं नये, या प्रश्नावर जो वाद माजला त्यांत वर्तमानपत्रें, विद्यापीठांचे अध्यक्ष, सिनेटर आणि राष्ट्राध्यक्ष हे सारे ओढले गेले. वाद वरवर खेळाचा. पण त्याच्या मुळाशीं न्याय, पैसा आणि विद्यार्थ्यांचें हित हे तीन प्रश्न होते.

भारतांत फूटबॉल म्हणून जो खेळ खेळला जातो तो हा नव्हे. अमेरिकन फूटबॉलमधील चेंडू लांबट असतो, तो हातांत धरून पळतां येतें किंवा दूर फेंकतां येतो, आणि प्रतिपक्षाच्या गड्यास अंगावर जाऊन पाडणें हा खेळाचाच भाग असतो. या खेळाचा आरंभ कॉलेजांतच झाला. ता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रन्सविक येथें रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचे प्रत्येकीं २५ गडी समोरासमोर उभे राहिले, आणि रटगर्सनें ६ विरुद्ध ४ असा सामना जिंकला. पुढें येलच्या वॉल्टर कँप यांच्या पुढाकारानें १८८० पासून गड्यांची संख्या ११ झाली आणि खेळाला आजचें वळण लागलें. त्यांत दांडगाई इतकी वाढली, कीं १९०५ सालच्या एकाच हंगामांत डझनाहून अधिक तरुण मृत्युमुखीं पडले. तेव्हां राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याची सूचना केली. त्यानंतरच्या हालचालींतून १९०६ सालीं एक संघटना निघाली व १९१० सालीं तिला राष्ट्रीय कॉलेज क्रीडा-संघटना असें नांव मिळालें. या संघटनेनें पुढें इतर कितीतरी खेळांचीं अजिंक्यपदें भरविलीं. पण ज्या खेळामुळें तिचा जन्म झाला, त्याच्या सर्वोच्च वर्गाचें अजिंक्यपद तिनें आपल्या हातानें कधींच दिलें नाहीं.

असें कां झालें, हें समजण्यासाठीं त्या देशाचा विस्तार आणि त्या खेळाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. देश अफाट, प्रवास आगगाडीचा, खेळणारे विद्यार्थी. खेळ अंगमेहनतीचा व दुखापतीचा असल्यामुळें आठवड्यांत एकाहून अधिक सामना खेळणें अशक्य. त्यामुळें प्रत्येक विद्यापीठ हंगामांत आठ-दहा सामने खेळे, आणि तेहि बहुधा आसपासच्या विद्यापीठांशीं. अशा शेजाऱ्यांचे प्रादेशिक गट बनले. त्यांस तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक गटाला आपला विजेता ठाऊक असे. परंतु पूर्वेचा विजेता श्रेष्ठ कीं पश्चिमेचा, हा प्रश्न सुटण्यास मैदानावर वाव नव्हता. ज्यांची कधीं गांठच पडली नाहीं असे दोन अपराजित संघ एकाच हंगामाच्या अखेरीस उभे राहात, आणि दोघांचेहि अभिमानी आपापल्या गांवीं विजयोत्सव करीत.

अशा स्थितींत बाउल या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सामन्यांचा उदय झाला. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना या शहरांत नववर्षाच्या दिवशीं फुलांच्या रथांची मिरवणूक निघत असे. ऐन हिंवाळ्यांतहि आमच्याकडे गुलाब फुलतात, हें थंडीनें गारठलेल्या पूर्वेकडील लोकांना दाखवून त्यांस आपल्याकडे ओढावें, हा त्यामागील हेतु. या उत्सवाला जोड म्हणून ता. १ जानेवारी १९०२ रोजीं मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवण्यांत आला. मिशिगननें तो ४९ विरुद्ध ० असा जिंकला. हा प्रकार इतका एकतर्फी झाला, कीं पुढें कित्येक वर्षें फूटबॉल बाजूस ठेवून तेथें रथांच्या शर्यती लावण्यांत आल्या. १९१६ सालीं फूटबॉल परत आला. १९२२ सालीं वाडग्याच्या आकाराचें मोठें प्रेक्षागार उभें राहिलें, आणि रोझ बाउल हें नांव रूढ झालें. आर्थिक मंदीच्या दिवसांत इतर उबदार शहरांनींहि हाच कित्ता गिरविला. १९३५ सालीं मायामी येथें ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लिन्स येथें शुगर बाउल, तर १९३७ सालीं डॅलस येथें कॉटन बाउल सुरू झाला. हे सामने स्थानिक पुढारी, हॉटेलवाले आणि व्यापारी यांच्या समित्या भरवीत. निमंत्रण येणें हाच संघाचा मान. त्यांतून देशाचा पहिला संघ ठरावा अशी कोणाची अपेक्षाहि नव्हती. पुढें गटागटांशीं करार झाले. १९४७ पासून रोझ बाउलचा सामना मध्य-पश्चिमेकडील बिग टेन या गटाचा संघ आणि पॅसिफिक किनाऱ्याचा संघ यांच्यांतच होऊं लागला. त्या वेळीं हे करार सोयीचे वाटले; पण पुढें त्यांचीच बेडी झाली.

मतदानाची प्रथा आली ती वर्तमानपत्रांच्या वाटेनें. १९३६ सालीं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें क्रीडावार्ताहरांचीं मतें घेऊन दर आठवड्यास संघांचा अनुक्रम छापण्यास आरंभ केला. सोमवार-मंगळवारच्या अंकांत वाचकांना वाद घालण्यास कांहीं खाद्य मिळावें, एवढाच त्या यादीचा उपयोग. पहिल्या वर्षीं मिनेसोटा विद्यापीठाला पहिला क्रमांक मिळाला. मिनेसोटानें आठपैकीं सात सामने जिंकले होते आणि नॉर्थवेस्टर्नकडून एक गमावला होता. १९५० सालीं युनायटेड प्रेसनें प्रशिक्षकांच्या मतांची दुसरी यादी काढली. आतां देशाला दोन पंच झाले, आणि दोघांचें एकमत होईलच असा नियम नव्हता. त्यांत आणखी गंमत अशी, कीं अखेरची मतमोजणी बाउल सामन्यांच्या पूर्वींच होत असे. वार्ताहरांनीं हा क्रम १९६८ पासून कायमचा बदलला. प्रशिक्षकांना त्यासाठीं एक कडू अनुभव यावा लागला. १९७३ सालीं त्यांनीं अलाबामाला अजिंक्य ठरविलें, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्रीं शुगर बाउलमध्यें नोटर डेमनें अलाबामाचा २४ विरुद्ध २३ असा पराभव केला. पुढच्या वर्षापासून प्रशिक्षकांचें मतदानहि बाउल सामन्यांनंतर होऊं लागलें.

मतदानाचा दोष सर्वांत ठळकपणें दिसला तो १९६६ सालीं. ता. १९ नोव्हेंबर रोजीं नोटर डेम आणि मिशिगन स्टेट हे देशांतील पहिले दोन अपराजित संघ ईस्ट लान्सिंग येथें भेटले. सामना १०-१० अशा बरोबरीवर आला असतां, चेंडू हातीं असूनहि नोटर डेमचे प्रशिक्षक आरा पार्सीगियन यांनीं धोका पत्करला नाहीं. उरलेला वेळ संथपणें काढून बरोबरी राखली. त्या काळीं नोटर डेम कोणत्याहि बाउलचें आमंत्रण घेत नसे. आणि सलग दोन वर्षें एकाच संघानें रोझ बाउलला जाऊं नये या आपल्या गटाच्या नियमामुळें मिशिगन स्टेटहि घरींच राहिला. तिकडे दक्षिणेंत अलाबामानें सारे सामने जिंकले होते. एक बरोबरीहि नव्हती. तरी मतांत नोटर डेम पहिला, मिशिगन स्टेट दुसरा आणि अलाबामा तिसरा. अलाबामा आधींचीं दोन वर्षें अजिंक्य ठरला होता. पण त्या वेळीं त्याच्या संघांत एकहि कृष्णवर्णी खेळाडू नव्हता, आणि नागरिक हक्कांच्या लढ्यानें सारा देश ढवळून निघाला होता. मत देणारांच्या मनांत खेळाखेरीज दुसरें कांहींच नव्हतें असें छातीवर हात ठेवून सांगणें कोणासहि कठीण होतें. जो निकाल मैदानावर लागत नाहीं, त्यांत मैदानाबाहेरच्या गोष्टी शिरतात, हा धडा त्या वर्षानें दिला.

तीन वर्षांनीं या गोंधळांत प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांनीं उडी घेतली. ता. ६ डिसेंबर १९६९ रोजीं टेक्सस आणि आर्कान्सा यांचा सामना पाहावयास रिचर्ड निक्सन जातीनें गेले. टेक्ससनें तो १५ विरुद्ध १४ असा जिंकतांच त्यांनीं विजयी संघाला देशांत पहिला म्हणून मानपत्राचा फलक दिला. पण त्याच वेळीं पेन्सिल्व्हेनियांतील पेन स्टेटचा संघहि अपराजित होता आणि त्याचा हंगाम संपलेला नव्हता. त्याचे प्रशिक्षक जो पॅटर्नो हें विसरले नाहींत. १९७३ सालीं पदवीदानाच्या भाषणांत त्यांनीं टोला लगावला, कीं ज्यांना १९६९ सालीं फूटबॉलची इतकी माहिती होती त्यांना १९७३ सालीं वॉटरगेटची इतकी थोडी कशी?

बाद सामने सुरू करावे ही मागणी याच सुमारास जोर धरूं लागली. विरोध करणारांचे मुद्दे चार होते, आणि ते चारहि विचार करण्यासारखे होते. पहिला मुद्दा अभ्यासाचा: डिसेंबर हा परीक्षांचा महिना, त्यांत आणखी सामने कशास? दुसरा शरीराचा: एवढ्या कठीण खेळांत विशीच्या तरुणांवर आणखी तीन-चार सामन्यांचा भार घालणें योग्य नव्हे. तिसरा बाउलांचा: अनेक शहरांचे उत्सव या सामन्यांवर उभे होते, आणि त्यांमुळें एका संघाऐवजीं अनेक संघांचा हंगाम विजयानें संपत असे. चवथा मुद्दा सर्वांत सूक्ष्म होता. बाद फेरी नसल्यामुळेंच हंगामांतील प्रत्येक शनिवारचा सामना बाद सामन्यासारखा होतो. ऑक्टोबरमधील एक पराभव सारें धुऊन नेतो. शेवटीं बाद फेरी ठेविली तर ऑक्टोबरच्या पराभवाचें दुःख कोणास वाटणार?

मागणी करणारांचें उत्तर सरळ होतें. लहान कॉलेजांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांत १९७३ पासून बाद सामने चालू होते. १९७८ सालीं पहिल्या वर्गाचे दोन भाग करण्यांत आले, तेव्हां त्यांतील धाकट्या भागालाहि बाद फेरी मिळाली. त्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा बुडत नाहींत आणि शरीरेंहि टिकतात. मग ज्यांच्या सामन्यांतून सर्वांत अधिक पैसा येतो त्यांच्याच परीक्षांची एवढी काळजी कशी? या प्रश्नाला समर्पक उत्तर कधींच मिळालें नाहीं.

१९८४ हें वर्ष दोन कारणांनीं महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ७ विरुद्ध २ मतांनीं असा निर्णय दिला, कीं सामन्यांच्या दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचे हक्क राष्ट्रीय संघटनेनें एकटीनें राखून ठेवणें मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. तेव्हांपासून विद्यापीठें आणि त्यांचे गट आपापले सौदे स्वतः करूं लागले, आणि खेळावरील सत्ता मोठ्या गटांच्या हातीं गेली. त्याच वर्षीं यूटा संस्थानांतील ब्रिगम यंग विद्यापीठानें तेराच्या तेरा सामने जिंकले आणि मतदानांत पहिला क्रमांक पटकाविला. त्याचा शेवटचा सामना मिशिगनशीं होता. आणि त्या मिशिगनचे त्या हंगामांतील विजय सहा व पराभव पांच होते. दुबळ्या गटांत खेळून मिळविलेले तेरा विजय मोठे, कीं बलाढ्य गटांतील अकरा विजय मोठे? या प्रश्नानें मोठ्या गटांच्या मनांत कायमची धास्ती बसली. छोट्या गटांतून अजिंक्यपद मिळविणारा असा दुसरा संघ पुढें चाळीस वर्षांत झाला नाहीं.

१९९० सालीं वार्ताहरांनीं कोलोराडोला आणि प्रशिक्षकांनीं जॉर्जिया टेकला पहिलें ठरविलें. कोलोराडोचा मिझूरीवरील एक विजय तर पंचांच्या मोजण्याच्या चुकीनें मिळालेल्या पांचव्या संधीवर आला होता. नियमानें संधी चारच. १९९१ सालीं मायामी आणि वॉशिंग्टन यांच्यांत पद पुन्हा विभागलें गेलें. तेव्हां पहिला आणि दुसरा या दोघांची तरी गांठ घालावी, या हेतूनें १९९२ आणि १९९५ सालीं बाउलांचे आणि गटांचे नवे करार झाले. पण रोझ बाउल आणि त्याचे दोन गट जुन्या कराराला चिकटून बाहेर राहिले. त्यामुळें १९९७ च्या हंगामांत मिशिगन रोझ बाउलला आणि नेब्रास्का दुसरीकडे गेला. दोघेहि अपराजित राहिले, आणि पद पुन्हा दुभंगलें.

१९९८ सालीं रोझ बाउल वांकला आणि बाउल अजिंक्यपद मालिका सुरू झाली. तिचे प्रमुख शिल्पकार आग्नेय गटाचे आयुक्त रॉय क्रेमर. वार्ताहरांचीं मतें, प्रशिक्षकांचीं मतें, गणकयंत्रांनीं काढलेले अनुक्रम, प्रतिस्पर्ध्यांचें बळ आणि पराभवांची संख्या, या साऱ्यांचें गणित मांडून पहिले दोन संघ काढावयाचे आणि त्यांचा एकच अंतिम सामना खेळवावयाचा, अशी ही योजना होती. दोनच अपराजित संघ असले तर ती उत्तम चाले. पण तसें क्वचितच घडे. २००० सालीं फ्लॉरिडा स्टेटला अंतिम सामना मिळाला आणि ज्यानें त्याला हरविलें होतें तो मायामी बाहेर राहिला. २००१ सालीं नेब्रास्काला कोलोराडोनें ६२ विरुद्ध ३६ असें झोडपलें होतें, तरी गणितानें नेब्रास्काच पुढें गेला. २००३ सालीं तर दोन्ही मतदानांत पहिला असलेला दक्षिण कॅलिफोर्नियाचा संघच अंतिम सामन्यांतून वगळला गेला. लुइझियाना स्टेटनें ओक्लाहोमाला हरवून मालिका जिंकली, पण वार्ताहरांनीं पहिला क्रमांक दक्षिण कॅलिफोर्नियाला दिला. मालिकेच्या विजेत्यालाच मत देण्यास प्रशिक्षक करारानें बांधलेले होते. तरी त्यांतील तिघांनीं बंधन झुगारलें. २००४ सालीं ऑबर्न एकहि सामना न हरतां बाहेर बसला, आणि असोसिएटेड प्रेसनें आपली यादी या गणितांत वापरण्यास मनाई केली. ज्या यादीनें १९३६ सालीं या साऱ्याचा आरंभ केला तिनेंच अंग काढून घेतलें.

छोट्या गटांचें दुःख याहून निराळें होतें. मोठ्या गटांना मालिकेंतील जागा आणि तिचें उत्पन्न करारानेंच मिळे. इतरांना अपराजित राहूनहि दार बंद. २००८ च्या हंगामांत यूटा विद्यापीठानें सारे सामने जिंकले, शुगर बाउलमध्यें अलाबामाला ३१ विरुद्ध १७ असें हरविलें, आणि तरी त्याला अंतिम सामना खेळावयास मिळाला नाहीं. यूटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनीं २००९ सालीं सिनेटच्या उपसमितीपुढें मक्तेदारीच्या प्रश्नावर साक्षी घेतल्या. टेक्ससचे प्रतिनिधि जो बार्टन यांनीं, बाद फेरीखेरीज ठरलेल्या विजेत्याला राष्ट्रीय अजिंक्य म्हणून जाहिरात करण्यास बंदी घालणारें विधेयक आणलें. तें उपसमितींत संमत झालें, पण कायदा बनला नाहीं. नूतन निर्वाचित राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनीं नोव्हेंबर २००८ मध्यें दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत आठ संघांच्या बाद फेरीची मागणी केली. एवढें होऊनहि व्यवस्था हलली नाहीं. त्याच वर्षीं चार संघांच्या फेरीची सूचना आग्नेय गटानें मांडली असतां बहुतेक इतर गटांनीं ती फेटाळली होती.

ती हलली ती मोठ्या गटांना स्वतःला झळ लागली तेव्हां. ता. ५ नोव्हेंबर २०११ रोजीं लुइझियाना स्टेटनें अलाबामाचा ९ विरुद्ध ६ असा पराभव केला. दोन्ही संघ आग्नेय गटाचेच. पुढें गणितानें याच दोघांना अंतिम सामन्यांत पुन्हा समोरासमोर आणलें. ओक्लाहोमा स्टेट बाहेर राहिला. अलाबामानें २१ विरुद्ध ० असा सूड उगविला. एकाच गटानें पहिला आणि दुसरा हे दोन्ही मान नेले, हें पाहून बाकीच्या गटांचा विरोध मावळला. जून २०१२ मध्यें विद्यापीठांच्या अध्यक्षांनीं चार संघांच्या बाद फेरीस मान्यता दिली, आणि २०१४ च्या हंगामापासून ती सुरू झाली. प्रक्षेपणाचा करार बारा वर्षांचा आणि सुमारें ५६० कोटी डॉलरचा झाला. न्यायाची हांक चाळीस वर्षें ऐकूं आली नव्हती; पैशाची हांक लगेच ऐकूं आली, असें टीकाकार म्हणाले, आणि त्यांत तथ्य होतें.

चार संघ निवडण्याचें काम गणकयंत्रांकडून काढून तेरा जणांच्या समितीकडे देण्यांत आलें. तींत माजी प्रशिक्षक आणि विद्यापीठांचे क्रीडाप्रमुख होते. पहिल्या समितींत माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस याहि होत्या. पहिल्याच वर्षीं जुना प्रश्न नव्या जागीं उभा राहिला. तिसऱ्या क्रमांकावरील टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठानें शेवटचा सामना ५५ विरुद्ध ३ असा जिंकला आणि तरी तें सहाव्या क्रमांकावर घसरलें. विस्कॉन्सिनला ५९ विरुद्ध ० असें हरविणारा ओहायो स्टेट चवथा झाला. पण त्याच ओहायो स्टेटनें पुढें अलाबामा आणि ऑरेगन यांना हरवून अजिंक्यपद मिळविलें. जुन्या पद्धतींत त्याला अंतिम सामना मिळालाच नसता, त्यामुळें बाद फेरीच्या पुरस्कर्त्यांना याहून चांगला पुरावा नको होता. तथापि वगळलेल्यांचें गाऱ्हाणें संपलें नाहीं. २०१७ सालीं सेंट्रल फ्लॉरिडा तेराहि सामने जिंकून बाहेर राहिला. २०२१ सालीं सिनसिनाटीच्या रूपानें छोट्या गटाला प्रथमच प्रवेश मिळाला. २०२३ सालीं फ्लॉरिडा स्टेटनें तेरापैकीं तेरा सामने जिंकले; पण त्याचा मुख्य खेळाडू जखमी झाला होता, म्हणून समितीनें त्याला वगळलें. संघानें काय केलें यावर निवड करावी, कीं तो पुढें काय करूं शकेल यावर? मोठ्या गटाचा अपराजित विजेता बाहेर ठेवून समितीनें या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, तें पुष्कळांना रुचलें नाहीं.

२०२४ च्या हंगामापासून संघांची संख्या बारा झाली. पांच गटविजेत्यांना निश्चित प्रवेश, सात जागा इतरांना, आणि पहिल्या फेरीचे सामने वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर. या पहिल्याच वर्षीं विरोधकांचा तो सूक्ष्म मुद्दा खरा ठरतो कीं काय असें वाटलें. ऑरेगननें ऑक्टोबरमध्यें ओहायो स्टेटला ३२ विरुद्ध ३१ असें हरविलें आणि गटविजेता होईपर्यंत एकहि सामना गमावला नाहीं. ओहायो स्टेट ता. ३० नोव्हेंबर रोजीं मिशिगनकडूनहि, स्वतःच्या मैदानावर, १३ विरुद्ध १० असा हरला; पूर्वीं एवढ्यावर त्याचा हंगाम संपला असता. पण बारांत आठवें स्थान मिळवून तो आंत आला, रोझ बाउलमध्यें त्यानें ऑरेगनला ४१ विरुद्ध २१ असें उखडलें, आणि ता. २० जानेवारी २०२५ रोजीं नोटर डेमला ३४ विरुद्ध २३ असें हरवून तो अजिंक्य झाला. ऑरेगनचा वर्षभरांतला एकच पराभव त्याला भोंवला. ओहायो स्टेटचे दोन पराभव माफ झाले. पहिली फेरी न खेळतां पुढें गेलेले चारहि गटविजेते आपला पहिलाच सामना हरले, म्हणून पुढील वर्षासाठीं तो नियमहि बदलण्यांत आला. तीन पराभवांमुळें वगळला गेलेला अलाबामा तक्रार करीतच होता. वाद पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावरून चवथ्या-पांचव्यावर आणि तेथून बाराव्या-तेराव्यावर सरकला, एवढेंच. मात्र एक फरक मान्य केला पाहिजे: तेराव्याचें दुःख दुसऱ्याच्या दुःखाइतकें खोल नसतें, आणि मैदानावर हरलेल्याला मतदारांवर रागावण्याचें कारण उरत नाहीं.

या साऱ्या काळांत ज्यांच्या हिताचें नांव घेऊन बाद फेरी अडविली गेली, त्या विद्यार्थ्यांचें काय झालें? १९३६ सालीं पहिल्या ठरलेल्या मिनेसोटाच्या मुलांनीं आठ सामने खेळले होते. २०२४ च्या हंगामांत ओहायो स्टेट आणि नोटर डेम यांच्या मुलांनीं प्रत्येकीं सोळा खेळले. प्रेक्षागारें भरलीं, प्रशिक्षकांना लक्षावधि डॉलरचे पगार मिळाले. खेळणाराला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं घेण्यास बंदी होती, कारण तो हौशी विद्यार्थी. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें या बंदीच्या एका भागावर आघात केला, आणि त्याच वर्षीं खेळाडूंना आपल्या नांवाच्या व प्रतिमेच्या उपयोगाबद्दल मोबदला घेण्याची मोकळीक झाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांनीं आपल्या उत्पन्नांतून खेळाडूंना सरळ वांटा देण्याचा मार्ग उघडला.

याच्या अगदीं उलट टोकाला दोन उदाहरणें आहेत. १९३५ सालच्या सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिक ज्याच्या विद्यार्थ्यानें मिळविलें होतें, त्या शिकागो विद्यापीठानें १९३९ सालीं अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहावरून हा खेळच बंद केला. विद्येच्या घरांत त्याला एवढी जागा असूं नये, हें त्यांचें मत होतें. आणि ज्यांनीं हा खेळ घडविला त्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही गटानें दशकानुदशकें आपल्या संघांना हंगामानंतरच्या कोणत्याहि सामन्यांत जाऊं दिलें नाहीं. शेवटीं त्या गटांतील विद्यार्थ्यांनींच मागणी केली, कीं इतर साऱ्या खेळांत आम्हांस अजिंक्यपदासाठीं झुंजण्याची मुभा आहे, मग याच खेळांत कां नसावी? डिसेंबर २०२४ मध्यें गटानें ती मान्य केली, आणि २०२५ च्या हंगामापासून धाकट्या वर्गाच्या बाद फेरीचें दार त्यांच्यासाठीं उघडलें. खेळाडूंच्या हिताबद्दल शतकभर इतर सर्व बोलत आले होते. येथें खेळाडूंनाच विचारलें गेलें, आणि त्यांनीं खेळावयास मिळावें एवढेंच मागितलें.